साडेअठ्ठावीस हात पाणी

एका जंगलात एक तलाव होता, आणि तलावाच्या काठी त्या तलावापेक्षा मोठं ऑफिस होतं. हसू नका, बाळांनो. मोठे झालात की तुम्हीही अशाच एखाद्या ऑफिसात जाल, आणि तेव्हा तलाव कुठल्या अंगाला होता हे तुम्हाला आठवायचंसुद्धा नाही.

ऑफिस होतं तलाव कंपनीचं. धंदा सरळ होता. पावसाळा सरला की जनावरांनी कंपनीकडून पाण्याचे दाखले घ्यायचे आणि उन्हाळ्यात दाखला दाखवून पाणी प्यायचं. पूर्वी जनावरं दाखल्याशिवायच पीत असत, पण तो मागासलेला काळ होता. आता उन्हाळ्यात तलावात किती पाणी राहील याचा अंदाज कंपनीचा वित्त विभाग काढायचा. सिंहमहाराज वार्षिक सभेत तो आकडा वाचून दाखवायचे. मग कुणी बिळं कुठं खणायची, कुणी पिल्लं कधी घालायची, कुणी नदीकडे निघून जायचं, सगळं त्या आकड्यावर ठरायचं.

या वित्त विभागात चैत्रात एक तरुण टिटवी शिकायला आली. तिचं नाव तितिक्षा. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजचा नियम असा, की सहा आठवडे एखाद्या कंपनीत काम करायचं आणि काम चांगलं केल्याचं पत्र आणायचं. पत्र नाही तर पदवी नाही.

तितिक्षाची आई तलावाकाठच्या माळावर राहायची. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे इकडेतिकडे सारते आणि तिथंच अंडी घालते. उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापते. मग ती उठते, पाण्यात जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसते. दिवसातून वीस वेळा. पाणी जवळ असलं तर अंडी जगतात. लांब असलं तर येईस्तोवर पोट वाळतं आणि आत जीव उकडून जातो. गेल्या साली तिची चारही अंडी अशीच गेली होती.

म्हणून पहिल्याच दिवशी आईने तितिक्षाला थांबवून विचारलं, "यंदा अंडी इथं घालू, की नदीकडे जाऊ? तू आता ऑफिसातली. जरा विचारून सांग गं."

तितिक्षा म्हणाली, थांब, मी विचारून सांगते.

विचारायला तिला पाच आठवडे लागले. पहिल्या दिवशी तिच्याकडून अकरा कागदांवर सह्या घेतल्या. त्यातल्या एका कागदावर लिहिलं होतं, की आतली गोष्ट बाहेर सांगायची नाही, घरच्यांनासुद्धा नाही. मग तिच्या गळ्यात पट्टा घातला. पट्टा घातल्यावर तिला फार बरं वाटलं. तुम्हालाही वाटेल, बघा.

कॉलेजात तिने जोखीम, परतावा, भांडवलाची किंमत असं पुष्कळ पाठ केलं होतं. इथं त्यातलं कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की दोन शीट एकमेकांना जोडता येतात का. येत होत्या. मग ती पाच आठवडे शीट जोडत बसली. मथळ्याला निळा रंग द्यायचा होता, पण साहेबांना तो भारदस्त निळा हवा होता, आणि भारदस्त निळा कोणता ते साहेबांना बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. त्यात आठवडा गेला. मीटिंगमध्ये ती मागे बसायची आणि सगळे हसले की हसायची.

तिच्या शेजारी एक म्हातारं कासव बसायचं. विभागातले सगळे त्यांना कासवकाका म्हणत. तलावात किती पाणी राहील, तो मुख्य आकडा त्यांच्याकडे होता. यंदा तो होता साडेअठ्ठावीस हात.

तितिक्षाने एकदा चहाच्या वेळी त्यांना विचारलं, हा आकडा येतो कुठून. काका मनमोकळे होते. त्यांनी सांगितलं, की गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा आणि त्यात दहा टक्के मिळवायचे. आणि गेल्या वर्षीचा कुठून आला? त्याच्या आदल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवून. असं मागेमागे जाता जाता दोघं अकरा वर्षं मागे पोचले. तिथं एका पाणकोंबडीने बांबू बुडवून दहा हात पाणी मोजलं होतं. तेही भर श्रावणात.

"पण दहाच टक्के का?" तितिक्षाने विचारलं.

"पाच मिळवले तर वरचे म्हणतात, उमेद नाही. वीस मिळवले तर म्हणतात, पुरावा आण," काका म्हणाले. "दहाला कुणी काही बोलत नाही."

"पण तलाव तर इथं समोरच आहे, काका."

काकांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीवर जाड पडदा होता. तलावावरून चकाकी यायची आणि स्क्रीनवरचं दिसायचं नाही, म्हणून तो चारेक वर्षांपूर्वी लावून घेतला होता. काका म्हणाले, असेल, समोरच असेल. त्यात त्यांचं काही कपट नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत तितिक्षा डबा न खाता तलावावर गेली. पाण्यात उतरली. चार पावलं चालली, आणखी चार चालली. पाणी गुडघ्याला लागेल, मग मांडीला लागेल, मग पोहावं लागेल, असं तिला वाटत होतं. तशी चालता चालता ती पलीकडच्या काठावर पोचली. बाळांनो, ज्या तलावात साडेअठ्ठावीस हात पाणी होतं, तो तलाव ती पोरगी पिसं न भिजवता पायी ओलांडून गेली. मधोमध एक म्हैस बसली होती, तिची पाठ कोरडी होती.

तितिक्षाला रडू आलं. मग तिला आपल्या आईची अंडी आठवली आणि ती धावत ऑफिसात आली.

कासवकाकांनी ऐकून घेतलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढं त्यांनाही कळत होतं. पण शीटमध्ये हे लिहायचं कुठं? त्यांनी विचार करून सांगितलं, की मोजमापातली तफावत म्हणून एक रकाना आहे, त्यातून तू आकडा सव्वीस हातांपर्यंत खाली आणू शकतेस, मात्र साहेबांची मंजुरी घे.

साहेब म्हणजे बगळेसाहेब, विभागाचे प्रमुख. पांढरेशुभ्र कपडे, हळू आवाज, एका पायावर उभं राहून फोनवर बोलायची सवय. तितिक्षाने एका दमात सगळं सांगितलं. साहेब रागावतील असं तिला वाटलं होतं. साहेब रागावले नाहीत.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी रोज सकाळी तिथंच उभा असतो."

साहेबांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि बापाने समजवावं तसं समजावलं. खरा आकडा सांगितला तर जनावरं आजच दाखले परत करतील, उद्या सगळी तलावावर तुटून पडतील आणि परवा चिखलही उरायचा नाही. पाणी विश्वासावर टिकतं, असं ते म्हणाले. पुढच्या महिन्यात आपण स्वतः नदीकडच्या कंपनीत रुजू होणार आहोत, हे मात्र ते म्हणाले नाहीत.

"आणि तू प्रत्यक्ष जाऊन आलीस, हे फार चांगलं केलंस. अकरा वर्षांत कुणी गेलं नाही. दरवर्षी प्रत्यक्ष पाहणीचा रकाना रिकामा राहतो, सभेत कुणीतरी शंका काढतं."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. वर भारदस्त निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, अपेक्षित पाणी साडेअठ्ठावीस हात. खाली लिहिलं होतं, प्रत्यक्ष पाहणी केली. त्याखाली सहीची जागा.

"यात खोटं काय आहे?" साहेबांनी विचारलं. "तू पाहणी केलीस ना?"

केली होती. काय दिसलं, ते कागद विचारतच नव्हता.

मग साहेबांनी हळूच सांगितलं, की तिचं पत्र शुक्रवारी तयार होईल, त्यात नुसतं चांगलं नव्हे, उत्कृष्ट असं लिहायचा त्यांचा विचार आहे, आणि विभागात एक कायमची जागाही आहे. त्या अकरा कागदांपैकी घरच्यांना न सांगण्याच्या कागदाची आठवणही त्यांनी करून दिली. तीही हळूच.

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. तितिक्षाने मनाशी हिशेब केला. आज मंगळवार. शुक्रवारी पत्र हातात. शनिवारी घरी जायचं आणि आईला कानात खरं सांगायचं, की इथं घालू नकोस, नदीकडे जा. आई कुठं चार दिवसांत अंडी घालतेय? पत्रही मिळेल, आईही वाचेल. हिशेब चोख होता. वित्त विभागात राहून पोरगी तयार झाली होती. तिने सही केली.

गुरुवारी वार्षिक सभा झाली. सगळं जंगल जमलं होतं. सिंहमहाराजांनी आकडा वाचला. एका सशाने उठून विचारलं, की तलाव जरा खाली गेल्यासारखा दिसतो, हे कसं काय. महाराजांनी बगळेसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कागद वर धरला आणि वाचला. प्रत्यक्ष पाहणी केली, सही, कुमारी तितिक्षा टिटवी.

"आपल्या माळावरचीच मुलगी आहे," साहेब म्हणाले. "आणि टिटवीला पाण्याचं कळतं, हे मी तुम्हाला सांगायला नको."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ससा खाली बसला. तितिक्षा मागच्या रांगेत होती. सगळे वळून तिच्याकडे बघत होते, म्हणून ती हसली.

शनिवारी ती पत्र घेऊन माळावर गेली. पत्रात उत्कृष्ट लिहिलं होतं. आई तिला दुरूनच दिसली, खड्यांमध्ये बसलेली. बसायची ती ढब तितिक्षाने ओळखली.

"चार आहेत," आई म्हणाली. "काल पहिलं घातलं, आज सकाळी बाकीची."

एका दिवसात तीन अंडी कुठली टिटवी घालते, असं तुम्ही विचाराल. घाईत असलेली घालते. गोष्ट माझी आहे.

"मी सांगते म्हटलं होतं ना आई," तितिक्षा म्हणाली. "थांबायचंस ना."

"अगं, सभेत होते ना मी. तुझं नाव वाचलं. तू स्वतः जाऊन बघितलंस, सही केलीस. आता आणखी काय विचारायचं राहिलं?"

तेव्हा तितिक्षाने तिला खरं सांगितलं. सगळं सांगितलं. आईने ऐकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती अंड्यांवर नीट सरकून बसली, कारण अंडी काही उचलून नदीकडे नेता येत नाहीत.

सोमवारी कंपनीने पत्रक काढलं. टिटवीने काठावर अंडी घातली आहेत, यावरून पाणी मुबलक असल्याचं सिद्ध होतं. ते वाचून आणखी चौदा टिटव्यांनी काठावर अंडी घातली. मग कंपनीने दुसरं पत्रक काढलं, त्यात पंधरा टिटव्या होत्या. दाखल्यांचा भाव चढला.

तितिक्षा नोकरीवर रुजू झाली नाही. ती आणि आई आळीपाळीने पाण्यावर जायच्या, पोट भिजवून यायच्या. रोज पाणी दहा पावलं मागे सरकायचं. अंडी फुटायला आठवडा उरला होता, तेव्हा तलाव आटला. म्हैस उठून गेली. मग तितिक्षा नदीवर जाऊ लागली. नदी सहा कोस. ती भिजलेलं पोट घेऊन जीव खाऊन उडायची आणि येईपर्यंत पिसं वाळून कडक झालेली असायची. तरी ती जायची. चौथ्या दिवशी तिचे पंख उचलेनात.

आई अंड्यांवर पंख पसरून उभी होती. सावली तेवढीच होती. तिची चोच उघडी पडली होती. तिने विचारलं, "तुमच्या त्या कागदावर आज किती पाणी आहे गं?"

तितिक्षाला खोटं बोलवेना. ती म्हणाली, "साडेअठ्ठावीस हात."

"मग त्यातलंच थोडं आण," आई म्हणाली.

तात्पर्य : प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नये, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. ते चूक आहे, बाळांनो. ज्यांनी काहीच पाहिलेलं नसतं ते बिचारे प्रामाणिकपणे दहा टक्के मिळवतात. सांभाळून राहायचं ते प्रत्यक्ष पाहून आलेल्यांपासून.