पुंडलिककाकांची खोक्यातली सायकल

आमच्या गल्लीतले पुंडलिककाका रोज सकाळी सायकल घेऊन बाजारात जातात आणि सायकल घेऊनच परत येतात. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगण्यासारखं एवढंच, की ते सायकलवर बसत नाहीत. सायकल चालते आणि तिच्या शेजारून काका चालतात. सायकल लग्नातली आहे, सासऱ्यांनी दिलेली. हिरवी, उंच, दणकट. दसऱ्याला तिची पूजा होते, महिन्याला तेलपाणी होतं, आणि सीटवरचं प्लास्टिक अजून शाबूत आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळी स्कूटी काढली, की पुढे काका आणि सायकल. गल्ली उमरखेडची, म्हणजे अरुंद. त्यात काका चालतात तेही उलट्या बाजूनं. सगळं जग हातात सायकल धरून तिच्या डावीकडून चालतं, कारण उजवीकडे चेन असते. काका उजवीकडून चालतात, म्हणजे बरोबर रस्त्याच्या मधून. त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या पायजम्याच्या डाव्या पायावर ग्रीसचा काळा पट्टा कायमचा. मी हॉर्न वाजवते. काका मान न वळवता म्हणतात, "घाई कोनाले आहे, बाई?"

घाई मला असते. शाळा मला असते. पण हे त्यांच्या पाठीला सांगून काय उपयोग?

सायकलवर का बसत नाही, असं नवख्या माणसानं विचारलं तर त्यांच्याकडे उत्तरांची कमी नाही. एक दिवस हवा कमी असते, दुसऱ्या दिवशी पायडल घासत असतं. कधी डॉक्टरनं चालायला सांगितलेलं असतं, कधी आज शनिवार असतो. उत्तरं संपली की "घाई कोनाले आहे" आहेच.

आता गंमत पाहा. सायकल चालवण्याच्या विषयात काकांइतका जाणकार आमच्या भागात दुसरा नाही. कापसाच्या जिनिंगमधली मुनिमी संपल्यापासून त्यांची संध्याकाळ सलीमभाईच्या सायकल दुकानासमोरच्या बाकावर जाते. सलीमभाईच्या दुकानाचा एक रिवाज आहे, त्याच्या वडिलांपासूनचा. सायकल घेणाऱ्यानं सर्वांसमोर पाण्याच्या टाकीपर्यंत एक राउंड मारायचा, मगच सायकल घरी न्यायची. सलीमभाई म्हणतो, "सायकल आन् मानूस, दोघं बी एकमेकाले पसंद आले पायजे." या राउंडचे परीक्षक काका. "कंबर सिधी ठेव!" "हँडल कायले आवळून राह्यला, ते का पळून जाते?" असं ते बाकावरून ओरडतात, आणि पोरं खरंच कंबर सरळ करतात.

ऑनलाइन खरेदीचा तर काकांना भयंकर राग. गल्लीत कुरियरवाला दिसला की हे सुरू. "सायकल का साबन आहे, खोक्यातून काढाले?" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलंय, की सलीमभाईनं ते दुकानावर रंगवून घ्यायचंच काय ते बाकी होतं.

काकांचा मुलगा पुण्याला. त्याची मुलगी मिनू, चौथीत. काकू गेल्या त्या वर्षी मिनूनं फोनवर रडत विचारलं होतं, "आबा, आता तुम्ही एकटे काय करता?" काकांना काही सुचेना. ते म्हणाले, "मी? मी मस्त सायकल चालवतो ना बेटा! पुरं गाव फिरतो!" पोर रडायची थांबली. तिथून पुढचं सगळं रामायण.

कारण दर रविवारी व्हिडिओ कॉल येऊ लागला, आणि मिनूला आबा सायकलवर बघायचे असत. मग अंगणात सायकल डबल स्टँडवर लागायची. काका स्टुलावरून तिच्यावर चढायचे आणि पायडल मारायचे. मागचं चाक हवेत गरगर फिरायचं. फोन धरायला मी. नुसता धरायचा नाही. काका दबक्या आवाजात सांगायचे, "जराशा चाला ना वो, बाई. झाड मांगं गेलं पायजे." मग मी फोन घेऊन कडुनिंबापासून न्हाणीघरापर्यंत आडवी चालायची. मिनू तिकडून ओरडायची, "आबा, हळू!" आणि काका एक हात सोडून तिला टाटा करायचे. बीएड करताना असं काही करावं लागेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवाळ्या अशा निभावल्या. तिसऱ्या दिवाळीला मिनूचं स्वतः यायचं ठरलं. फोनवर म्हणाली, "आबा, मला डबलसीट घेऊन सगळं गाव दाखवायचं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," काका म्हणाले, आणि फोन बंद झाल्यावर सायकलवरच बसून राहिले. मागचं चाक थांबलं तरी उतरेनात.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "तुमाले म्हनून सांगतो. मले सायकल येत नाई."

मी चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. चौथीच्या वर्गाला रोज तोंड देते, तेवढं जमतं.

"शिकाची आहे. पन ही लय उंच आहे. पाय टेकले पायजे अशी ठेंगनी पायजे एक."

"मग सलीमभाईकडे..."

"सलीम राउंड माराले लावते ना वो!" काका कळवळून म्हणाले. "साऱ्यांसमोर! इतके वर्स मी त्या बाकावर बसून लोकाले शिकवून राह्यलो. मिनू तं अजून लहान आहे, तिले कसंबी समजावता येते. ते बाकावरचे लोकं काय म्हनतीन?" मग इकडेतिकडे पाहून अगदी हळू आवाजात, "तुमच्या त्या फोनवरून बोलवता येते का?"

मी हसले नाही, याबद्दल माझं कौतुक व्हायला हवं. आम्ही फोनवर सायकली पाहिल्या. काकांचा प्रश्न एकच होता. "हे लोक राउंड माराले नाई ना सांगत?"

"नाही. खोकं देतात आणि जातात."

"मंग भले लोक आहेत," काका म्हणाले, आणि इतक्या वर्षांचा राग त्या एका वाक्यात विरघळला.

काकांना फोनवर पत्ता भरता येईना, म्हणून मागवली माझ्या नावावर. खाली एक रकाना होता, जवळची ठळक खूण लिहायचा. आमच्या गल्लीला ठळक खूण एकच. लग्नाच्या पत्रिकेपासून गॅसच्या गाडीपर्यंत सगळीकडे आम्ही जे लिहितो, तेच मी सवयीनं लिहिलं. सलीम सायकल स्टोअर्सच्या मागे.

माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, देव जाणे. पुढच्या आठवड्यात मी शाळेत असताना फोन आला. "मॅडम, सायकल आनली. तुमच्या सायकलच्या दुकानावर उभा आहे. ओटीपी सांगा."

खोक्यावर सायकलचं चित्र, पत्त्यात सायकलचं दुकान. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? शाळा तशी सुटतच होती. मी स्कूटी काढून पळाले.

दुकानासमोर माणूसभर उंच खोकं उभं होतं. शेजारी कुरियरवाला. दारात सलीमभाई, खोक्याकडे अशा नजरेनं पाहत, जसं कुणी त्याच्याच घरात येऊन दुसऱ्याच्या घरचा डबा उघडून बसलंय. बाकावर नेहमीची मंडळी आणि मधोमध पुंडलिककाका, आभाळाकडे बघत. आभाळात काही नव्हतं.

"बाई," सलीमभाई म्हणाला, "हे तुमचं आहे?"

मी काकांकडे पाहिलं. काका आभाळातच. "हो," मी म्हटलं.

आणि तेव्हा, विश्वास ठेवा, काकांनी आभाळातून खाली उतरून मलाच झापलं. "काहून वो बाई! गावात दुकान असून खोक्यातून सायकल बोलवता? सायकल का साबन आहे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं तिथल्या तिथे ओकून टाकावं, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण काकांचा हात दिसला. बाकाची कड घट्ट धरलेला. मी कुरियरवाल्याला ओटीपी सांगितला.

सलीमभाईनं पाने-पकड काढली. खोकं फाडलं, चाक बसवलं, हँडल सरळ केलं, पायडल कसले, हवा भरली. दुसऱ्याची सायकल, पण हात तेच, काळजीनं चालणारे. मग फडक्याला हात पुसत तो काकांसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, तुमी सांगा. तुमी रोज इथं बसता. माह्या दुकानात काय कमी आहे? मी कोनाले काही वाईट बोललो का? बाईचं घर मांगं आहे, दहा पावलं बी नाई. तरी त्याइले माह्याकडं यावं नाई वाटलं." त्यानं दुकानाच्या पाटीकडे हात केला. "अब्बाचं दुकान आहे हे. मी इथं कायले बसलो मंग?"

काकांनी बाकाची कड सोडली. मग उठले. फार हळू उठले.

"सलीम, बाईले काही म्हनू नको. सायकल माही आहे."

"तुमची?"

"मले चालवता येत नाई. इथून घेतली असती तं तू राउंड माराले लावला असता. म्हनून खोक्यातून बोलवली."

सगळा बाक एकदम पाण्याच्या टाकीकडे पाहू लागला. टाकीत एवढं पाहण्यासारखं काय असतं, मला ठाऊक नाही. पण कुणी हसलं नाही. आमच्या गावाबद्दल मी बरंच वाईट बोलते, म्हणून हे सांगून ठेवते.

"काका," सलीमभाई म्हणाला, "ते तं मले मालूम आहे."

"कवापासून?"

"मी पोट्टा होतो तवापासून. तुमच्या लग्नाची सायकल इथूनच गेलती ना. अब्बा सांगे, नवरदेवाले राउंड माराले सांगतलं, तं नवरदेव म्हने, घाई कोनाले आहे!"

आता मात्र बाक हसला. पानठेल्यावाला म्हणाला, मलाही माहीत होतं. दुसरा म्हणाला, गल्लीत कुणाला माहीत नाही? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहिलं.

"मंग कोनी काहून नाई सांगतलं बे मले?" काका म्हणाले.

"मले सांगाचं ना, काका," सलीमभाई म्हणाला. "दुकान बंद करून राउंड मारला असता आपन."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे शाळेच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. कॅरिअर धरून सलीमभाई मागे पळायचा, "कंबर सिधी ठेवा काका!" असं ओरडत सगळं उट्टं काढायचा. काका आठवडाभरात सरळ रेषेत जायला शिकले. वळायला शिकले नाहीत. थांबायलाही नाही. मैदान संपलं की ते कुंपणाच्या मेंदीत शिरायचे आणि आम्ही त्यांना तिथून काढायचो. मिनूला मागे बसवणं तर सोडूनच द्या.

धनत्रयोदशीला मिनू आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोन्ही सायकली उभ्या होत्या आणि काका कपाळाचा घाम पुसत होते. मी कुंपणापलीकडे तुळशीला पाणी घालत होते. तुळशीला एवढं पाणी लागत नाही, पण मला तिथून हलवेना.

"बेटा," काका म्हणाले, "आबा खोटं बोलला. मले सायकल येत नाई. फोनवर ते स्टँडवर राहे. झाड बाई हलवे."

माझं नाव घ्यायची गरज नव्हती. मिनूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कडुनिंबाकडे.

"पण मग आजी? आजीला तुम्ही डबलसीट नाही न्यायचे?"

"नाई. आजी पायीच चाले माह्यासंगं. तिच्या पिशव्या हँडलले, मी या बाजूनं, ते त्या बाजूनं. इकून गाड्या येतात, म्हनून मी इकून." काकांनी सायकलच्या उजव्या बाजूला उभं राहून दाखवलं. पायजम्याला नवा काळा पट्टा लागला. "शिकाचं म्हनलं होतं एकदा. तं ते म्हने, मी मांगं बसली तं तुमचं तोंड कसं दिसन मले? मंग मी शिकलोच नाई. बोलत बोलत जाओ आमी बाजारात."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. इतकी वर्षं मी या माणसाच्या मागे हॉर्न वाजवत होते. काकू गेल्यावर तर जास्तच, कारण आता एकट्यानं रस्त्याच्या मधून चालायचं काही कारणच नाही, असं मला वाटायचं. सायकलच्या डावीकडची जागा मला रिकामी दिसायची.

मिनू नव्या सायकलपाशी गेली. पुण्याची पोर, तिला ती चालवता येतच होती. तिनं सीटवर हात फिरवला, पुन्हा आबांकडे पाहिलं. मग ती सायकल तिथेच ठेवून हिरव्या सायकलच्या डावीकडे येऊन उभी राहिली. हँडल तिच्या खांद्याएवढं होतं. तिनं वर हात करून मूठ धरली.

"चला आबा," ती म्हणाली.

थोड्या वेळानं मी स्कूटी काढली. चकलीची भाजणी चक्कीवर पडून होती आणि घरी तेल तापत ठेवायचं होतं. वळणावर ते दोघं पुढे लागले, सायकलच्या दोन बाजूंना दोघं. मिनू काहीतरी सांगत होती आणि काका सीटवरून वाकून तिच्या तोंडाकडे पाहत ऐकत होते. पुढे जायला जागा नव्हती. मी हॉर्नवरचा अंगठा काढला, पाय टेकले आणि स्कूटी बंद करून ढकलत त्यांच्या मागून चालू लागले.