निगुडकरांचे चिनी मातीचे दात

जिलबीची जाडी मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रविवारी सकाळी भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीतल्या चौकात पोहे-जिलबीच्या दुकानापुढे ही गर्दी असते. त्या गर्दीत निगुडकर आपल्या वाट्याची जिलबी कागदावर घेत, खिशातून स्टीलचं व्हर्नियर काढत, त्याच्या दोन जबड्यांत जिलबीचा एक वेढा अलगद धरत आणि चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचत.

‘आठ पॉइंट दोन. मागच्या रविवारी नऊ होती.’

हलवाई कढईतून मान वर न काढता म्हणे, ‘निगोडे साहब, चाशनी का भी नाप ले लो.’

निगुडकर या नावाचं भोपाळच्या हिंदीत आधी निगोडेकर झालं आणि मग नुसतं निगोडे. निगोडा ही इकडच्या बायकांची ठेवणीतली शिवी आहे, हे मी एकदा त्यांना भीतभीत सांगितलं. तर म्हणाले, ‘अरे डॉक्टर, अडतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. कारखान्यात माझ्या पाठीमागे याच्या दसपट वाईट म्हणायचे. हे तर प्रमोशन आहे.’

कारखाना म्हणजे मोठा सरकारी कारखाना. तिथे तयार झालेला प्रत्येक भाग मोजून पास करायचा किंवा त्यावर लाल खडूची फुली मारायची, हे निगुडकरांचं काम. निवृत्त होताना त्यांनी व्हर्नियर स्वतःच्या पैशाने नवं घेतलं आणि लाल खडूचा डबाही. मग आमच्या गल्लीचं इन्स्पेक्शन सुरू झालं. कलत्या विजेच्या खांबावर फुली. नव्या गतिरोधकावर फुली. शेजारच्या गुप्ताजींच्या कंपाउंडवर तीन फुल्या, कारण भिंत तीन ठिकाणी ओळंब्यात नव्हती. गुप्ताजी भांडायला आले, ओळंबा लावून पाहिला, आणि गवंड्याशी भांडायला गेले. माझ्या दवाखान्याची दुसरी पायरी पहिलीपेक्षा अर्ध्या इंचाने उंच होती. तिच्यावर रोज सकाळी नवी फुली असायची. शेवटी मी पायरी फोडून पुन्हा बांधली, तेव्हा ते पेढे घेऊन आले.

त्यांच्या बायकोला, मालतीकाकूंना, हे सगळं पाठ होतं. पोळी गोल नाही असं निगुडकर म्हणाले की काकू म्हणायच्या, ‘आधी तुमची जीभ मोजा. दोन इंच जास्त आहे.’ त्यावर मात्र निगुडकर गडगडून हसायचे. काकूंना जाऊन आता चार वर्षं झाली.

मी दातांचा डॉक्टर. त्यांच्या घरापासून तिसरं घर माझं, खाली दवाखाना. आणि आता ते सांगतो, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी निगुडकर डावीकडच्या वरच्या दाढेच्या दुखण्याने माझ्याकडे आले. पुढून पाचवा दात किडलेला होता, काढायचा होता. मी सुई दिली, चिमटा लावला आणि दात काढला. चिमट्यात पाहिलं तर कीड नावालाही नसलेला दात. मी चौथा काढला होता. शेजारचा, धडधाकट. माझं लक्ष नव्हतं. याहून मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण नाही. लक्ष नव्हतं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘काका, दोन्ही सडलेत. शेजारचाही काढावा लागेल.’ आणि पाचवाही काढला. त्यांनी कापूस दातांत धरून मान हलवली. ज्या माणसाने सबंध गल्लीत एक वाकडी वीट सोडली नाही, त्याच्या तोंडात मी एवढी मोठी खिंड पाडली, आणि त्याने फुली मारली नाही. म्हणजे त्याला कळलंच नाही, असं मी धरून चाललो.

पण सुख गेलं. ते चहाला यायचे, मी त्यांच्याकडे जायचो, गणपतीत एकत्र आरत्या म्हणायचो. ते हसले की ती खिंड दिसायची आणि घशाखाली काही उतरायचं नाही. तिथे नवा दात बसवू या, असं म्हणायचंही धाडस झालं नाही. म्हटलं तर तोंड उघडायला सांगावं लागेल, आणि तोंड उघडलं की माझंच पाप. दाताची गोष्ट निघाली की मी म्हणायचो, ‘काका, साकेत नगरला एक हुशार डॉक्टर बसतो, त्याला दाखवा.’

‘नको,’ ते म्हणायचे. ‘चाललंय.’

त्यांच्या पुढच्या दातांची वेगळीच कथा. लहानपण माळव्यातल्या एका गावात गेलेलं, तिथल्या विहिरीच्या पाण्याने दातांवर तपकिरी पट्टे पडलेले. दात मजबूत, ऊस सोलतील असे, पण रंग जुन्या पितळी भांड्याचा. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आणि गेल्या हिवाळ्यात एक दिवस ते मोबाइल नाचवत दवाखान्यात आले.

‘डॉक्टर, हे बघ. व्हिएतनाममध्ये व्हर्नियर स्वस्त मिळून राहिलेत. पोर्सेलीनचे! मी म्हटलं, चिनी मातीचं व्हर्नियर? उन्हाने फुगत नसेल, बरोबर ना?’

मी वाचलं. ‘काका, व्हर्नियर नाही. व्हेनिअर. पुढच्या दातांवर पातळ कवच बसवतात, चिनी मातीचं. नखाएवढं जाड.’

‘किती जाड?’

‘अर्धा मिलिमीटर.’

त्यांचे डोळे चमकले. अर्ध्या मिलिमीटरचं काम या जगात कुणीतरी करतंय आणि आपण ते पाहिलेलं नाही, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. आठ दिवसांत त्यांनी जाहीर केलं: व्हिएतनामच्या दा नांग शहरात जाणार, पुढच्या सहा दातांवर कवचं बसवणार आणि डावीकडची खिंडही भरून घेणार.

गल्लीत एकच चर्चा. गुप्ताजी माझ्या पायरीवर उभे राहून म्हणाले, ‘डॉक्टर साहब, दुनिया दाँत बनवाने हिंदुस्तान आती है, और निगोडे साहब आपके दवाखाने के सामने से हवाई अड्डे जा रहे हैं?’

निगुडकरांचं उत्तर तयार होतं. तिकडे स्वस्त पडतं. तिकीट धरलं तर स्वस्त पडत नाही, हे कुणी दाखवून दिलं की ते म्हणत, ‘तिकीट दातांत का धरता? तिकीट फिरण्यात गेलं.’ मग हॉटेल? ‘हॉटेल झोपण्यात गेलं.’ अशा रीतीने दात फारच स्वस्त पडत होते. आमच्या महाराष्ट्र मंडळात तर एकाने विचारलंच, ‘चिनी मातीचेच दात करायचे तर व्हिएतनामला कशाला? लोणच्याच्या बरण्या आहेत घरात.’

मला वाटलं, सुटलो. परदेशी कुणीतरी ती खिंड भरेल आणि मी मोकळा. तेवढ्यात निगुडकर म्हणाले, ‘तू पण येऊन राहिलाय.’

‘मी?’

‘मालाची डिलिव्हरी घ्यायला जाणकार माणूस नको? आणि इंग्रजी मला येतं, पण तिकडे तेही चालत नाही म्हणतात.’

बायको म्हणाली, ‘जा हो. त्यांना कोण आहे दुसरं?’ नाही म्हणायला माझ्याकडे एकच कारण होतं आणि ते सांगता येत नव्हतं.

दा नांगचा दवाखाना आरशासारखा लखलखीत. डॉक्टरीणबाई तिशीच्या आतली, कामात सफाई असलेली. तिला आपली कुठलीच भाषा येत नव्हती, म्हणून ती फोनमध्ये आपल्या भाषेत बोलायची आणि फोन कडक हिंदीत आमच्याशी बोलायचा. निगुडकरांनी आधी तिची हत्यारं पाहून घेतली. जाडी मोजायचं तिचं छोटं माप हातात घेऊन त्यांनी आपल्या व्हर्नियरशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, ‘सेम टू सेम! बाई पक्की आहे.’ बाईने हसून मान लववली.

मग तिने त्यांच्या तोंडात पाहिलं. डावीकडे थांबली. पुन्हा पाहिलं. फोनमध्ये काहीतरी बोलली, आणि फोन म्हणाला, ‘इन दो दाँतों की मृत्यु कैसे हुई? किसने निकाले?’

मी छताकडे पाहत होतो. त्या छतावर काय होतं ते आजही सांगू शकेन.

‘साइकिल,’ निगुडकर म्हणाले.

मी छतावरून नजर काढली.

‘साइकिल से गिर गया था,’ ते फोनला म्हणाले.

बाई पुन्हा बोलली. ‘साइकिल ने केवल दो दाँत लिए? बाकी सब सुरक्षित?’

‘हाँ,’ निगुडकर म्हणाले. ‘साइकिल अच्छी है. एक बार फिसल गई बेचारी.’

बाईने लिहून घेतलं. ज्या माणसाने अडतीस वर्षांत एकदाही खोट्या रिपोर्टवर सही केली नाही, त्यापायी दोन साहेब नाराज करून घेतले, त्याने ‘सायकल अपघात’ असं लिहिलेल्या कागदावर माझ्यासमोर झोकदार सही केली.

पुढचे पाच दिवस काय गेले म्हणून सांगू! निगुडकरांना तात्पुरते दात लावले होते, कडक काही खायचं नव्हतं, तर त्यांनी सूपमधल्या शेवया मोजल्या. पुलाचे खांब पाहिले आणि खडू घरी राहिल्याचं समाधान व्यक्त केलं, कारण फुली मारण्यासारखं काही सापडलं नव्हतं. भाजीवालीला ‘नमस्ते मावशी’ म्हणून तिच्याकडून एक पेरू फुकट मिळवला आणि चावता येत नाही म्हणून मला दिला. आणि मी, पेरू हातात धरून, सायकल हा एकच शब्द ऐकत होतो.

सहाव्या दिवशी कायमचे दात बसले. बाईने आरसा दिला, निगुडकरांनी पाहिलं, ओठ इकडून तिकडून ताणून पाहिले, आणि आरसा माझ्याकडे देत म्हणाले, ‘काय डॉक्टर?’ मी आरशातच पाहत म्हणालो, ‘छान.’

नदीकाठी एक बाई कॉफी विकत होती. बसायला प्लास्टिकची बुटकी स्टुलं, आपल्याकडे न्हाणीघरात असतात तेवढी. आम्ही दोघे गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो. कॉफीत घट्ट गोड दूध होतं. मी म्हणालो, ‘काका, तो चौथा दात चांगला होता. मी चुकून काढला.’

‘माहीत आहे,’ निगुडकर म्हणाले आणि कॉफी ढवळत राहिले.

‘कधीपासून?’

‘कधीपासून म्हणजे? खुर्चीत मीच होतो ना? लेथवर जॉब बिघडला की कारागीर आधी जॉबकडे बघत नाही, आधी आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं का म्हणून. तू तसंच बघितलंस. आणि तुझे कान लाल झाले.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘बोलून काय, दात चिकटला असता? अरे, बिघडवणारे दोन प्रकारचे असतात. एक दुसऱ्यावर ढकलतो, त्याला चार्जशीट द्यायची. दुसरा घरी जाऊन जेवत नाही. त्याला काय द्यायचं?’

मी विचारलं, ‘म्हणून इतक्या लांब आलात?’

‘भोपाळमध्ये कुणाकडेही तोंड उघडलं असतं तर हाच प्रश्न. कोणी काढले? तुमच्या लाइनीत सगळे सगळ्यांना ओळखतात.’

‘पुण्याला, मुंबईला जायचं होतं.’

‘तिथे तुझ्या वर्गातलाच कुणी निघाला असता.’ आणि ते स्वतःच खुसखुसले.

‘मग मला कशाला आणलंत, काका? एकटे येऊन गेला असतात तर मला कळलंही नसतं.’

निगुडकरांनी पेला खाली ठेवला. आता ते हसत नव्हते.

‘मालती गेल्यापासून मी दिवसातून एकदा बोलतो. तुझ्याकडे. संध्याकाळच्या चहाला. आणि तू काय करतोस? माझ्या चपलांकडे बघून बोलतोस. इतकी वर्षं. मला वाटलं, चपला खराब आहेत. नव्या घेतल्या. तरी तू चपलांकडेच! मग म्हटलं, वरच काहीतरी करावं लागेल.’ त्यांनी बोटाने आपल्या तोंडाकडे दाखवलं. ‘हे मी आरशासाठी नाही केलं रे. एकटा करून आलो असतो, तरी तू खालीच बघितलं असतंस. आता कुणी काही काढलेलं नाही. सगळं भरलेलं आहे. बघ.’

मी मान वर केली. एकोणीस वर्षांनी त्या माणसाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खिंड नव्हती. कडा सुरेख बसल्या होत्या, हिरडीशी रेषासुद्धा दिसत नव्हती. बाईचं काम खरंच पक्कं होतं. पण मी दातांचा डॉक्टर आहे, आणि पाहता पाहता माझ्या तोंडून निघून गेलं,

‘काका, रंग चुकला. फार पांढरे झालेत. तुमच्या वयाला दोन छटा उतरता रंग हवा होता.’

निगुडकर माझ्याकडे पाहतच राहिले.

‘हे आता सांगून राहिलाय? फिटिंग झाल्यावर?’

‘हो.’

‘अरे गाढवा!’ ते म्हणाले, आणि एवढ्या मोठ्याने हसले की त्या बुटक्या स्टुलावरून जवळजवळ घसरलेच. कॉफीवाली धावत आली. मी त्यांचा दंड धरला होता आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.