सात सेकंद आणि एक घोट

"बाई, सरासरी पाऊण सेकंद," विद्यापीठातून आलेल्या संशोधक मुलीने वही पुढे सरकवली.

"काय पाऊण सेकंद?"

"तुम्ही प्रश्न विचारल्यावर मुलांसाठी थांबता तो वेळ. त्यानंतर उत्तर तुम्ही स्वतःच…"

"छे! काहीतरीच काय! मी कशाला उत्तर देईन?"

"बघा, आत्तासुद्धा माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत."

"आत्ताचं वेगळं होतं!" चौथीच्या बाई म्हणाल्या आणि अख्खी स्टाफरूम हसली. बाईंना सगळे पाठीमागे 'एक्सप्रेस' म्हणत, कारण त्या मधल्या कुठल्याच स्टेशनावर थांबत नसत. सव्वीस वर्षं त्या शिकवत होत्या, आणि लेकीच्या वयाची ही मुलगी आठवडाभर मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसली नि त्यांचं पितळ उघडं पाडून मोकळी झाली. बाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. एक्सप्रेसच्या मानाने दोन दिवस म्हणजे फारच झाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिला गाठलं. "नुसतं मोजून जाऊ नकोस. आता काय करायचं तेही सांग."

"सांगणार नाही. दोघी मिळून ठरवू," ती म्हणाली. "शाळा आणि विद्यापीठ यांचा करारच तसा आहे. इथे जे जमेल, ते शिक्षण खात्याचे साहेब सगळ्या शाळांना लागू करणार आहेत."

हे ऐकून बाईंची छाती थोडी फुगली. दोघींनी ठरवलं की प्रश्न विचारल्यावर सात सेकंद गप्प बसायचं.

गप्प बसणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं. त्या मनात आकडे मोजायला लागल्या की ओठ हलत. ते बघून मुलंही मोजायला लागली. "पाच! सहा! सात!" असा गजर झाला आणि मूळ प्रश्न काय होता ते बाईंसकट सगळे विसरले. मग बाईंनीच तोडगा काढला. टेबलावर पाण्याची बाटली ठेवायची. प्रश्न विचारला की झाकण उघडायचं, एक मोठा घोट घ्यायचा, झाकण लावायचं. संशोधक मुलीने घड्याळ लावून बघितलं, तर बरोबर सात सेकंद! आणि तोंडात पाणी असल्यावर एक्सप्रेस जाणार कुठे?

मग बाईंनी जे पाहिलं, त्याने त्या थक्क झाल्या. बाटलीच्या आडून त्यांना मुलांचे चेहरे दिसत होते. पहिल्या सेकंदाला नुसती टकमक. तिसऱ्याला कपाळावर आठी. पाचव्याला कुणाचं तरी बोट हवेत काहीतरी लिहायचं, आणि सहाव्याला उत्तर आधी डोळ्यांत यायचं, मग तोंडात. सव्वीस वर्षं हे सगळं आपल्या नाकासमोर घडायला तयार होतं आणि आपणच त्यावर बोलत बसलो, या विचारात त्या झाकण लावायलाच विसरल्या.

घरीसुद्धा त्यांनी नवऱ्याला "भाजी कुठली करू?" असं विचारून घोट घेतला. लग्नानंतर प्रथमच उत्तर द्यायची संधी मिळालेला तो गृहस्थ घाबरून म्हणाला, "तुला बरं वाटत नाहीये का?"

खिडकीपाशी बसणारी मुलगी मात्र सात सेकंदांनाही बधली नाही. वर्ष सुरू झाल्यापासून ती हजेरीला हात वर करी, पण तोंड उघडत नसे. बाईंनी दुसऱ्याच महिन्यात तिचा अर्ज भरून टाकला होता: 'आकलन कमी. वेगळ्या वर्गात हलवावे.' आता तो अर्ज बाईंना राहून राहून आठवत होता. तिच्यासाठी आपण थांबलो होतो किती? पाऊण सेकंद!

इकडे प्रयोगाला वेगळेच फाटे फुटले. दिवसाला साठ प्रश्न म्हणजे साठ घोट. बाई पितात म्हणून मुलंही पिऊ लागली. मग दर दहा मिनिटांनी निम्मा वर्ग रांगेत बाहेर. शेजारच्या पाचवीने बघितलं, त्यांनीही बाटल्या आणल्या. दुपारी बाराला शाळेची टाकी कोरडी ठाक. मुख्याध्यापकांनी तीन वेळा नळ दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो तिन्ही वेळा "गळती नाहीये साहेब" म्हणून निघून गेला.

आणि तिसऱ्यांदा टाकी आटली, नेमकं त्याच दिवशी मुख्याध्यापक धावत आले. "बाई, शिक्षण खात्याचे साहेब दारात आहेत. प्रयोग बघणार, आणि जाताना त्या मुलीच्या अर्जावर सही करणार."

"सर, तो अर्ज मला परत हवाय."

"आता? फाईल साहेबांच्या हातात आहे!"

साहेब मागे संशोधक मुलीशेजारी बसले. बाईंनी पाच प्रश्न विचारले, पाच घोट घेतले, पाच सुरेख उत्तरं आली. साहेब मान डोलवत होते. मग बाईंनी सहावा प्रश्न टाकला. "एका काठीला दोन टोकं असतात. काठी मधोमध तोडली, तर एकूण टोकं किती?"

त्यांनी बाटली तोंडाला लावली. बाटलीत थेंब नव्हता.

रिकामी बाटली साहेबांसमोर खाली कशी ठेवायची? बाई ती तशीच धरून उभ्या राहिल्या. घोट नाही, त्यामुळे हिशेबही नाही. सात गेले, दहा गेले, वीस गेले. संशोधक मुलगी घड्याळाकडे बघत नखं खात होती. शेवटी साहेबांनाच ते सहन होईना.

"तीन!" ते म्हणाले.

बाईंच्या तोंडात बाटली.

"चार."

आवाज खिडकीतून आला. म्हणजे खिडकीजवळून. तो कुणाचा, हे कुणालाच ओळखू येईना, कारण तो कुणी कधी ऐकलाच नव्हता.

"चार कशी?" साहेबांनी विचारलं.

खिडकीपाशी बसणारी मुलगी उठली, फळ्याजवळ आली, खडू उचलून कट्‌कन मोडला आणि दोन्ही तुकडे साहेबांपुढे धरले. साहेबांनी बोटाने एकेक टोक मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्यांनी फाईल उघडली, अर्ज वाचला, आणि तो बाईंच्या हातात दिला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्या दिवशी शाळेत तेवढंच पाणी शिल्लक होतं.

महिन्याभराने साहेबांचं परिपत्रक आलं. मुख्याध्यापकांनी ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. "'सर्व शाळांतील सर्व शिक्षकांनी प्रत्येक प्रश्नानंतर एक लिटरची बाटली तोंडाला लावावी. परिणाम थक्क करणारे आहेत.'"

संशोधक मुलीने कपाळाला हात लावला. "बारा पानांचा अहवाल होता हो! त्यात थांबण्याबद्दलच होतं सगळं. बाटली फक्त एका तळटीपेत होती."

"अहो, आपले अठरा शिक्षक आणि टाकी एक," मुख्याध्यापक रडकुंडीला आले. "आता करायचं काय?"

सगळ्यांनी एक्सप्रेसकडे पाहिलं. बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांची नजर दाराशी हजेरीपुस्तक घेऊन आलेल्या खिडकीजवळच्या मुलीवर गेली होती. त्या थांबल्या. या वेळी बाटलीशिवाय.

"रिकामी आणायची," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी बाईंची रिकामीच होती."