हरवून दाखवतो

माझ्या हातून आजवर काही हरवलेलं नाही. शाळेतला कंपास अजून माझ्याकडे आहे, त्यातल्या खोडरबरासकट. बायको याला रोग म्हणते, मी शिस्त म्हणतो.

अशा माणसाच्या वाट्याला नेमका कोणता शब्द यावा? 'लूझ'. आमची कचेरी इंग्रजी-मराठी कोशाची, आणि 'एल' अक्षर माझ्याकडे. क्रियापद दिसायला चिमूटभर, पण पोटात काय काय भरलंय! वस्तू हरवणं, सामना हरणं, वाट चुकणं, वजन घटणं, माणूस गमावणं, घड्याळ मागे पडणं. मूळ शोधायला गेलो तर आणखी मजा. फार जुन्या काळी त्या धातूचा अर्थ सैल होणं, सुटणं, तुटून वेगळं होणं. पुढे जुन्या इंग्रजीत वस्तू आपली आपणच नाहीशी व्हायची. ती हरवल्याचा ठपका माणसावर ठेवायची रीत नंतरची. मी या शब्दाने झपाटलोच. हा असा लिहीन की पुढच्या कोशवाल्यांनी मुकाट उतरवून घ्यावा, असं मी जेवताना बायकोला सांगितलंसुद्धा.

आता आमच्या मुख्य संपादकांचा एक नियम सांगायला हवा. यांना आम्ही पाठीमागे 'कात्री' म्हणतो. प्रत्येक शब्दाखालचं उदाहरण लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. 'लीप'साठी मी खरोखर नाल्यावरून उडी मारली होती. 'लिम्प' म्हणजे लंगडणं, त्याचं उदाहरण त्यातच मिळालं.

"तुमचं काय हरवलंय आजवर?" कात्रींनी विचारलं.

"काहीच नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"मग हा शब्द समोरच्या बाईंना द्या. त्यांची तिसरी पर्स चाललीय."

समोरच्या टेबलावरच्या बाई पर्स शोधता शोधता हसल्या. माझा पारा चढला. माझा शब्द, आणि केवळ मी नीटनेटका आहे म्हणून तो दुसऱ्याला?

"शुक्रवारपर्यंत मुदत द्या साहेब. मी हरवून दाखवतो."

त्याच संध्याकाळी मी मफलर बागेतल्या बाकावर ठेवून आलो. सकाळी कात्री म्हणाले, "वाईट वाटलं?"

"छे, टोचायचा."

"मग हे हरवणं नव्हे, टाकणं. 'थ्रो'वाल्यांना द्या."

म्हणजे जिवाभावाचं काहीतरी हवं. माझं शाईचं पेन मी काळजावर दगड ठेवून न्हाव्याच्या दुकानात विसरलो. म्हणजे ठरवून विसरलो. घरी पोचतो तर न्हावी माझ्या आधी दारात हजर. बायकोच्या हातात पेन, आणि चेहरा पार उतरलेला.

"अहो, तुम्ही विसरलात? तुम्ही?"

"विसरलो नाही, मुद्दाम ठेवलं होतं."

"मुद्दाम," ती न्हाव्याकडे बघून हळूच म्हणाली. न्हाव्याने मान हलवली आणि माझ्याकडे न बघता चपला घातल्या.

वस्तूंचा नाद सोडला. 'लूझ'मध्ये वाट चुकणंही येतं की! दुसऱ्या दिवशी भलत्याच बसमध्ये बसलो, डोळे मिटून घेतले आणि मनाला येईल तिथे उतरलो. अनोळखी रस्ता, अनोळखी दुकानं. मला भरून आलं. एका किराणा दुकानदाराने विचारलं, "काका, कुठे जायचंय?"

"कृपा करून मी कुठे आहे ते मला सांगू नका," मी हात जोडले.

दुकानदाराने हातातलं माप खाली ठेवलं आणि मागे वळून हाक मारली, "साहेब, जरा बाहेर येता का?" आतून साबणाचे नमुने घेऊन कोण यावं? माझा मेहुणा! हा साबणाचा विक्रेता, सगळं शहर पालथं घालतो हे मला माहीत होतं, पण त्याने नेमकं हेच दुकान गाठावं?

"भाऊजी, घरी चला," तो लहान मुलाशी बोलावं तसं बोलला आणि त्याने माझा हात धरला. सबंध बसमध्ये सोडला नाही.

घरी बैठक बसली. मी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. मूळ धातूचा अर्थ सैल होणं, सुटणं, तिथपासून सुरुवात केली. मेहुणा बायकोच्या कानात म्हणाला, "त्यांचं त्यांनाच कळतंय गं, काहीतरी सुटलंय ते."

मग डॉक्टर. "वस्तू हरवतात का?"

"खूप प्रयत्न करतोय, पण जमत नाही."

डॉक्टरांनी बरंच काही लिहिलं. बायकोने माझ्या सगळ्या शर्टांच्या कॉलरला आतून पत्ता शिवला. बिचारी शिवता शिवता रडत होती, आणि मला तिची दया येण्याऐवजी संताप येत होता. शुक्रवार उजाडला तरी माझ्या नावावर एकही उदाहरण नव्हतं.

कचेरीत गेलो तर माझं टेबल रिकामं. 'लूझ'चे सगळे कागद बाईंच्या टेबलावर! तडक कात्रींच्या खोलीत शिरलो.

"घरून फोन आला होता," ते इतक्या मायेने म्हणाले की माझ्या अंगावर काटा आला. "तुम्ही आता 'लल' घ्या. दोन गडबडींच्या मधली शांतता. तब्येतीला बरा शब्द आहे."

"मला नको शांतता! मूळ मी शोधलं, अर्थ मी लावले, गावभर वेडा ठरलो, आणि शब्द गेला माझ्या हातून. मला वाईट वाटतंय साहेब. फार वाईट वाटतंय."

आणि मग माझ्याच डोक्यात प्रकाश पडला.

"हे घ्या उदाहरण! 'मी माझा शब्द गमावला.' स्वतःचं आहे, जिवाभावाचं आहे, वाईटही वाटलंय. आता निमूटपणे माझे कागद परत करा."

त्यांनी वाक्य उतरवून घेतलं, दोनदा वाचलं, चष्मा पुसला. "इतकं खरं उदाहरण या कोशात दुसरं नाही. एक अक्षर न कापता छापणार."

"आणि शब्द?"

"तो कसा देऊ? परत दिला तर उदाहरण खोटं पडेल."

तर कोश निघाला की 'लूझ' जरूर उघडून बघा. सही बाईंची असेल, पण जीव माझा आहे. मी हरलो असं मात्र कुणी म्हणायचं नाही. खोटं छापलं जाऊ नये म्हणून मी माझा हक्क सोडला, एवढंच. सध्या 'लल' लिहितोय. उदाहरण अजून मिळालेलं नाही, कारण माझ्यावर लक्ष ठेवायला मेहुणा सहकुटुंब राहायला आलाय.