टॉवरची साखरझोप

बाहेर उणे तीस अंश थंडी आणि टॉवरच्या खोलीत लरिसाला घाम फुटलेला. टॉवर चांगला झोपलेला होता, पण विजेचा मीटर काही पळायचा थांबेना!

फोनवाल्यांची वर्दळ नसली की मोबाईल टॉवरने झोपावं आणि वीज वाचवावी, असा प्रोग्रॅम तिने दोन वर्षं खपून लिहिला होता. आज त्याची परीक्षा. बचतीचा आकडा पाचच्या आत रिजायना शहरातल्या मुख्य ऑफिसात पोचला नाही, तर प्रकल्प गुंडाळणार होते आणि सोबत तिची नोकरीही. म्हणून तर तिने कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या सामन्यांचा दिवस गाठला होता. सगळं गाव बर्फाच्या मैदानावर, फोनला हात लावणार कोण?

तिने प्रोग्रॅम उलटापालटा तपासला. दिवा घालवला, स्वतःची चहाची किटलीसुद्धा काढली. मीटर आपला पळतोच आहे. शेवटी ती वैतागून बाहेर आली, तर खोलीच्या भिंतीवरच्या प्लगमधून एक वायर निघून थेट तिच्या गाडीच्या नाकात शिरलेली! शेजारी टॉवरच्या जमिनीचे मालक ऑर्विल हातमोजे झटकत उभे.

"काका, हे तुम्ही लावलंत?"

"मग काय! इंजिनाचा हीटर न लावता गाडी उघड्यावर टाकलीस. गोठून जाईल ना, पोरी! आता आभारबिभार नको मानूस."

आभार! हसावं की रडावं, तिला कळेना. थंडीत कुणाचीही गाडी दिसली की हीटरची वायर खोचायची, हे त्या गावाचं वळणच. पण तो प्लग टॉवरच्याच मीटरवर होता.

तिने वायर उपटली आणि चाचणी पुन्हा लावली. तासाभरात असा झकास आकडा आला की ती जागच्या जागी नाचली. आता पाठवायचा, एवढंच राहिलं. पण फोनला रेंजच नाही!

"अगंबाई, हा तर झोपलाय!"

"मग उठव की," ऑर्विल म्हणाले.

"तीन फोननी हाक मारल्याशिवाय उठत नाही, काका. एकट्यादुकट्यासाठी कशाला उठायचं, म्हणून मीच तशी अट घातलीय."

"असला कसला आळशी टॉवर गं तुझा!"

गावात जावं म्हणून तिने गाडी सुरू केली. तासभर हीटरविना गारठलेली गाडी एकदा खाकरली आणि गप्प झाली. ऑर्विलची गाडी जावयाने सामन्यांना नेलेली. ऑर्विलनी कोटातून जुना फोन काढला. "हे घे, दोन झाले."

तेवढ्यात त्यांची बायको डोरीन सुपाचं भांडं सावरत बर्फातून येताना दिसली.

"फोन आणलायस का?" दोघं एकदम ओरडले.

"अरे, आधी सूप तरी घ्या!"

"डोरीन, फोन!"

बिचारीने खिसे चाचपले. रुमाल निघाला, गोळ्या निघाल्या, आणि सगळ्यात खाली फोन. तिघांनी एकदम नंबर फिरवले. टॉवर जागा झाला आणि पाचला पाच कमी असताना आकडा रवाना झाला.

लगेच रिजायनाहून नेसबिटसाहेबांचा फोन. "लरिसा, कमाल केलीस! प्रकल्प पक्का समज."

लरिसाने मेलेल्या गाडीकडे पाहिलं. "नेसबिट, मी अट बदलतेय. एका फोननेही टॉवर उठायला हवा."

"वेड लागलंय का? आकडा उतरेल! एका माणसासाठी कोण टॉवर उठवतं?"

"त्या एकाचीच गाडी बंद पडलेली असते हो."

"बरं. काठावर का होईना, पास होऊ दे म्हणजे झालं. उद्या पुन्हा मोज."

खोलीत सूप पिऊन ती बाहेर आली, तर ऑर्विल धापा टाकत चारपाच वायरी एकमेकींना जोडून लांबून ओढत आणत होते.

"काका, अहो, पुन्हा?"

"घाबरू नकोस," तिच्या गाडीत वायर खोचत ते म्हणाले, "ही माझ्या गोठ्याच्या मीटरवर आहे."