पेशंटच्या जागी चौकशीताई

"माझ्या हातात आलेला पेशंट चालल्याशिवाय राहत नाही म्हणजे नाही!" असं चौकशीताई भेटेल त्याला सांगायची. मग तो माणूस भाजीवाला असो, नाहीतर जिन्यात चुकून समोर आलेला मीटर रीडर असो. घरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करायचं तिचं काम. खरं नाव वेगळंच होतं, पण एजन्सीतल्या मैत्रिणींनी तिला 'चौकशीताई' केलं ते कायमचं. एखादी गोष्ट कळली नाही की हिला जेवण जात नसे. पेशंटला अंघोळ घालता घालता त्याच्या मावशीचं लग्न का मोडलं इथपर्यंत ती पोचलेली असायची!

आणि अशा बाईच्या नशिबी या आजी आल्या.

आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. हाड मस्त जुळलं होतं. व्यायाम शिकवणारा डॉक्टर पाय वाकवून, ताणून, ठोकून बघून गेला आणि म्हणाला, "काही झालेलं नाही, चालायला हवं." आजी मात्र पलंगावरून उठून शेजारच्या खुर्चीत बसायच्या, तेवढाच त्यांचा प्रवास. पुढे एक पाऊल नाही!

"का पण, आजी? दुखतं?"

"नाही."

"भीती वाटते?"

"छे!"

"चक्कर?"

"तुझ्या प्रश्नांनी येते."

शेवटी आजींच्या मुलानं हात टेकले. त्याचं गाड्यांचं गॅरेज, दिवसभर तिकडेच अडकलेला. "आई, तू चालली नाहीस तर तुला शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. मी तरी किती पुरणार?" असं त्यानं बजावलं आणि खरंच तिथल्या तपासनीस बाईंना बोलावलं. त्या येऊन आजींना बघणार आणि आजी घरी राहणार की शुश्रूषागृहात जाणार ते ठरवणार. त्या आज दुपारी यायच्या होत्या.

"येऊ देत," आजी म्हणाल्या. "हा लहानपणापासून नुसता बोलतो. करत काही नाही."

चौकशीताईला मात्र हे परवडणारं नव्हतं. आजींचा तिला लळा लागला होता, नोकरीचा प्रश्न होताच, आणि वरून आजी का चालत नाहीत हे न कळताच आजी गेल्या असत्या! ते तर अजिबात सहन होण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात तिला ट्रेनिंगमधला तो प्रयोग आठवला. म्हातारपण कसं असतं ते कळावं म्हणून तिथे सगळ्या मुलींना कानात कापूस घालून, चष्म्याला व्हॅसलीन फासून, गुडघे आवळून बसवलं होतं. 'पेशंटच्या जागी स्वतःला ठेवून बघा,' असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं.

"आजी, आज मी तुम्ही आणि तुम्ही मी!" ताईनं जाहीर केलं. "मी पलंगावर झोपते. तुम्ही मला चालायला लावायचं. बघू तरी तुमच्या मनात काय होतं ते!"

आजींना गंमत वाटली. बऱ्याच दिवसांत घरात काही घडलं नव्हतं. ताईनं आपला निळा एप्रन आजींना घातला. मग स्वतःच्या गुडघ्यांवर घट्ट पट्ट्या आवळल्या, घोट्यांना व्यायामाची वजनं बांधली, गळ्यात मानेचा पट्टा अडकवला, कानात कापूस कोंबला आणि चष्म्यावर व्हॅसलीनचा असा थर दिला की भिंत आणि कपाट एक झालं! ती पलंगावर आडवी झाली आणि आजींनी हौसेनं पलंगाचा कठडा वर करून खटकन लावून टाकला.

"अगं, आता उठून दाखव!" आजी म्हणाल्या.

ताईला काही ऐकूच आलं नाही. तिनं उठायचा प्रयत्न केला, पण गुडघा वाकेना, पाय उचलेना आणि मान वळेना. उलट्या पडलेल्या झुरळासारखी ती जागच्या जागी हलत राहिली.

आणि दाराची बेल वाजली!

"अगं, बेल!" आजी ओरडल्या. "अगं ए, दार!"

ताई छताकडे बघून समाधानानं हसत होती. बेल परत वाजली. आजींना राहवेना. कोण असेल? कुरियर? शेजारीण? शेजारीण असेल तर काय घेऊन आली असेल? बेल तिसऱ्यांदा वाजली तशा आजी उठल्या. वॉकर पलंगाच्या पलीकडे राहिला होता. मग खुर्चीची पाठ, टेबलाची कड, मग भिंत असं करत आजी चक्क दारापर्यंत पोचल्या! आपण चाललो हे दार उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

दारात गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"मी तपासनीस. शुश्रूषागृहातून आले. तुम्ही इथल्या केअरटेकर ना?"

आजींनी खाली आपल्या एप्रनकडे पाहिलं. वर बाईंकडे पाहिलं.

"हो!" आजी म्हणाल्या.

"लंगडताय का जरा?"

"काय करणार हो, या कामात उचलाउचल फार!"

तपासनीस बाई आत आल्या आणि पलंगावरचा प्रकार बघून त्यांच्या तोंडून "अरे देवा!" निघालं. "मला तर सांगितलं होतं की फक्त खुब्याचं ऑपरेशन झालंय!"

"वाढलंय जरा," आजी पुटपुटल्या.

"आजी! चालून दाखवता का?" बाई ताईच्या कानाशी जाऊन ओरडल्या.

ताईला कापसातून काहीतरी अस्पष्ट ऐकू आलं. समोर एक धूसर आकृती होती. वा! आजी काय झकास काम करताहेत! तिनं अगदी आजींचा सूर लावला.

"नाही चालणार जा! काय करायचं ते करा!"

"गोळ्या वेळेवर घेता का?"

"घेते ना! आणि पाठ वळली की कुंडीत थुंकते!"

मागे उभ्या आजी लालबुंद झाल्या. म्हणजे हिला ते ठाऊक होतं तर!

"मुलगा काळजी घेतो ना?"

"तो नुसता बोलतो! आणि ती केअरटेकर! तिला सांगा, नसत्या चौकशा बंद कर म्हणावं!"

बाईंनी आजींना बाजूला घेतलं. "फारच त्रास देत असतील तुम्हाला?"

"नाही हो," आजी गडबडीनं म्हणाल्या. "स्वभावानं गोड आहे. माझे केससुद्धा... म्हणजे मी तिचे केस विंचरते ना, तेव्हा छान गप्पा मारते."

"ते ठीक आहे. पण पाय हलत नाहीत, दिसत नाही, ऐकू येत नाही, गोळ्या थुंकतात. यांना घरी ठेवणं शक्य नाही. आजच हलवते." बाईंनी फोन काढला. "हॅलो, एक गाडी पाठवा. स्ट्रेचर घेऊन या. दोन माणसं दणकट हवीत, पेशंट हट्टी आहे."

आता आजींच्या पायाखालची जमीन सरकली. थाप मारून त्या सुटल्या होत्या, पण कागदोपत्री जाणार होत्या त्याच! आणि प्रत्यक्षात बिचारी ताई!

"नको! नको! चालते ती!" आजी ओरडल्या.

"कोण?"

"पेशंट! छान चालते! हे बघा!" आणि आजी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरातरा चालत गेल्या. तिथून वळून परत आल्या. "बघितलंत?"

"अहो, पण तुम्ही चालून काय उपयोग?"

"आई!"

दारात मुलगा उभा होता. तपासनीस बाई यायच्या म्हणून गॅरेज सोडून आला होता. हातातली किल्ली त्याच्या पायावर पडली तरी त्याला कळलं नाही. "आई, तू चालतेयस?"

"आई?" तपासनीस बाईंचा फोन कानालाच राहिला. "या तुमच्या आई? मग त्या कोण?"

मुलानं पलंगापाशी जाऊन आधी चष्मा काढला, मग कानातला कापूस ओढला.

"ताई?"

"दादा?" ताईनं डोळे मिचकावले. "तुम्ही कधी आलात? आणि या कोण? आणि आजी उभ्या कशा?"

सगळा उलगडा व्हायला बराच वेळ लागला. गाडी रद्द झाली. ताईच्या गुडघ्यांच्या पट्ट्या सोडायलाच मात्र तिघंही लागले, बाकीचं तसंच राहिलं.

"हे बघा," बाई शेवटी घाम पुसत म्हणाल्या, "आजी उत्तम चालतात. घरीच राहतील. मग आता केअरटेकरचीही गरज उरत नाही."

ताईनं मान खाली घातली, पण जाता जाता तरी विचारल्याशिवाय तिला राहवेना. "आजी, तेवढं सांगा ना. इतके दिवस का चालत नव्हतात?"

आजींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "अगं वेडे, मी चालायला लागले असते तर तू गेली असतीस ना! हा सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. दिवसभर मला कोण काही विचारणार? तुझ्याआधी कित्येक वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं."

ताईचे डोळे भरून आले. मुलगा ओशाळून जमिनीवरची किल्ली शोधू लागला. मग घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, ताई राहू देत. माझं काही म्हणणं नाही."

तपासनीस बाईंचंही मन विरघळलं. "ठीक आहे. पण मला अहवालात कारण आणि मुदत लिहावी लागते. आजी, यांना कधीपर्यंत ठेवायचं?"

आजींनी पलंगाकडे नजर टाकली. ताईचा एक पाय अजून वजनासकट कठड्यात अडकला होता, मानेचा पट्टा नाकावर चढला होता आणि त्यातूनही ती बाईंना विचारत होती, "मॅडम, तुमच्या त्या गाडीत स्ट्रेचर एक असतं की दोन?"

"लिहा," आजी म्हणाल्या, "ती बरी होईपर्यंत!"