टकेटबाईंच्या बागेतलं स्क्रम्प

लायनेल पॉबजॉय यांच्या मते अख्ख्या सॉमरसेटमध्ये दोनच तल्लख मेंदू होते. दुसरा कुणाचा, याचा शोध त्यांना अजून लागला नव्हता. नुसत्या ठशावरून ते माणसाचं वय, वजन आणि राजकीय मतं सांगत. चुकलं, तर चूक त्या माणसाची.

गुरुवारी हा मेंदू टकेटबाईंच्या बागेत भिंग घेऊन रांगत होता. मागे त्यांची मदतनीस हेस्टर, एका हातात त्यांची टोपी आणि दुसऱ्यात छत्री घेऊन उभी होती. सफरचंदांचं एक झाड कुणीतरी साफ केलं होतं आणि गावाची नजर तिच्या सहा वर्षांच्या मुलावर, रॉलीवर होती. रविवारी पोरांची समुद्रावर सहल, देखरेखीला पॉबजॉय बहीणभाऊ. पण ज्यानं सफरचंदं नेली त्याला आपल्या गाडीत पाय ठेवू देणार नाही, असं टकेटबाईंनी बजावलं होतं. इकडे रॉली आठवडाभर वाळूत खेळायची बादली उशाशी घेऊन झोपत होता.

"पोरांनी केलं तर ती काही चोरी नाही, साहेब," हेस्टर म्हणाली. "आपण त्याला स्क्रम्प म्हणतो."

"व्याकरण मला शिकवू नकोस! स्क्रम्प फक्त सफरचंदं करता येतात. चमचे नाही, कोंबड्या नाहीत. आणि कर्ता दहा वर्षांच्या आतला हवा. मिशी फुटली की तीच चोरी." ते चिखलाकडे वळले. "ठसे लहान. म्हणजे चोर बुटका. किंवा चवड्यांवर चालणारा धिप्पाड."

"ते बदक आहे, साहेब. तुमच्या मागेच उभंय."

"साक्षीदार," पॉबजॉय गंभीरपणे म्हणाले. "आणि झाडाखाली हे दोन चौकोनी खळगे. चोर फुग्यातून उतरला!"

"रॉलीकडे फुगा नाही," हेस्टर आशेनं म्हणाली.

"गुडघा मात्र खरचटलाय त्याचा."

"सहा वर्षांच्या पोराचा न खरचटलेला गुडघा दाखवा मला!"

तिनं वर पाहिलं. शेजारचं गोड, लालचुटुक सफरचंदांचं झाड तसंच लगडलेलं होतं. गेली होती ती हिरवी, आंबट, शिजवायची. ती कच्ची खाल्ली तर कानशिलापर्यंत झिणझिण्या येतात. रॉलीला तर लिंबाच्या गोळीनंही रडू येई.

चहाला पॉबजॉय तिला घरी घेऊन गेले. त्यांच्या बहिणीनं, ड्रुसिलाबाईंनी, ॲपल पायवर कस्टर्ड ओतलं. "घे गं. या आठवड्यातला चौथा आहे."

हेस्टरचा चमचा थांबला. "ड्रुसिलाबाई, तुमच्या परसात झाड कुठाय?"

"झाड कशाला हवं? टकेटबाई दरवर्षी ती हिरवी सफरचंदं कुजवतात. मी आपली एप्रन भरभरून आणली."

"एवढ्या उंचावरून?"

"शिडीनं. लायनेलनंच तर धरली होती. तो म्हणाला, कशासाठी ते सांगू नकोस, मी स्वतःच ओळखून काढीन."

पॉबजॉयनी मिशीतला पायचा कण टिपला. "हेस्टर, मघाशी मी वयाची अट जरा घाईत घातली. स्क्रम्पचा कर्ता कितीही वयाचा चालतो."

"मिशीवालासुद्धा?"

"मिशीनं त्या क्रियापदाला भारदस्तपणा येतो."

"मग टकेटबाईंना तुम्हीच समजावून सांगा. आत्ता. मी टोपी देते."

टकेटबाईंनी नवी व्याख्या शांतपणे ऐकून घेतली, पण शिक्षा मात्र जुनीच ठेवली.

रविवारी गाडी सुटली तेव्हा खिडकीत रॉली होता, त्याची बादली होती आणि देखरेखीला हेस्टर होती. रस्त्याच्या कडेला पॉबजॉय बहीणभाऊ हात हलवत उभे होते. शेजारी साक्षीदारही होता.